वाचायचे किती, हे कोण ठरवणार?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, त्यांचा सहकारातल्या माणसांकडे एकच आग्रह असे. सभासदाने संस्थेचे कागद स्वतः वाचावेत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करू नये. आज त्यातले बहुतेक कागद उरलेच नाहीत. ठेवीदाराचे पैसे, उसाचे वजन, दुधाचे फॅट, रुग्णाचे अहवाल हे सगळे संदेशांच्या रूपाने एका यंत्रातून संस्थेबाहेर जाते आणि बाहेरून आत येते. त्या यंत्राला फायरवॉल म्हणतात. ते आपल्या वतीने हे संदेश तपासते. कोणते संदेश उघडायचे, किती खोल वाचायचे, वाचल्यावर काय करायचे, हे आधी कोणीतरी ठरवून त्या यंत्रात भरावे लागते. आजचा विषय तेवढाच आहे. तो तांत्रिक आहे खरा, पण त्याचा निर्णय एकट्या तंत्रज्ञावर सोडता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

फायरवॉल काय करते ते समजायला आपल्या नगर शहरातलीच एक गोष्ट उपयोगी पडेल. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मंडळी. त्यांना कुठे ठेवले आहे हेसुद्धा सरकारने सुरुवातीला जाहीर केले नव्हते, आणि त्यांची पत्रे सेन्सॉर होऊनच आत-बाहेर जात. टपाल खात्यातला कारकून पाकिटावरचा पत्ता बघतो आणि पत्र पुढे धाडतो. सेन्सॉरचा अधिकारी पाकीट उघडतो, मजकूर वाचतो, ओळी खोडतो, पत्र अडवतो. जुनी साधी फायरवॉल पहिले काम करत असे: कुठून आले, कुठे चालले, कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या दारावर. अॅप्लिकेशन प्रोटोकॉल इन्स्पेक्शन म्हणजे दुसरे काम. ही तुलना मी मुद्दाम घेतली आहे, कारण पाकीट उघडणाऱ्याच्या हातात किती सत्ता येते तेही तिच्यात दिसते. त्या सत्तेकडे मी पुढे येणारच आहे.

आता एक गैरसमज दूर करू. मजकूर तपासण्याची ही सोय केवळ संशयातून निर्माण झाली असे अनेकांना वाटते. ती बऱ्याच अंशी अडचणीतून निर्माण झाली. १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण या अलाहाबादच्या, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या तरुणाने अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा पहिला मसुदा लिहिला. तीच एफटीपी. तिचे आजचे रूप १९८५ च्या दस्तऐवजात पक्के झाले. एफटीपीत बोलणे २१ क्रमांकाच्या पोर्टवर होते आणि फाइल वेगळ्या जोडणीवरून येते. ती दुसरी जोडणी कुठे उघडायची हे दोन संगणक बोलण्याच्या ओघातच ठरवतात. जुन्या, म्हणजे अॅक्टिव्ह पद्धतीत मागणारा संगणक सहा आकडे पाठवतो. पहिले चार त्याचा पत्ता सांगतात आणि शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो. हे सहा आकडे मजकुरात असतात, पाकिटावर नसतात. नुसता पत्ता बघणाऱ्या फायरवॉलला ते दिसतच नाहीत, म्हणून बाहेरून येणारी फाइल ती परकी समजून अडवते. मग एक तर हजारो पोर्ट कायमचे उघडे टाकावे लागतात, नाही तर फायरवॉलला ते बोलणे वाचायला शिकवावे लागते. शिकवले, की ती सहा आकडे वाचते, नेमका तेवढाच पोर्ट तेवढ्यापुरता उघडते आणि काम झाले की बंद करते. आतला खासगी पत्ता बाहेर वेगळा दिसत असेल, तर ते आकडे बदलूनही देते.

इंटरनेटवरच्या फोनचेही असेच आहे. एसआयपी ही पद्धत घंटी वाजवते आणि दोघांची गाठ घालून देते, पण आवाज दुसऱ्याच पोर्टवरून वाहतो. शाखेतला फोन लागतो, इकडचे तिकडे ऐकू जाते, तिकडचे इकडे येत नाही, ही तक्रार तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. पुष्कळदा तिचे मूळ या तपासणीच्या सेटिंगमध्ये असते.

दुसरे कारण मात्र संशयाचेच आहे. पोर्टचा क्रमांक हा निव्वळ संकेत आहे. ५३ वर डीएनएस, २५ वर मेल, ४४३ वर सुरक्षित वेब असा रिवाज आहे. चोराला रिवाज पाळण्याचे बंधन नाही. डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधून देण्याचे. ते बंद केले तर इंटरनेटच थांबते, म्हणून ५३ चे दार सगळीकडे उघडे असते. चोरलेली माहिती तुकडे करून त्या नावांतच भरता येते. डीएनएसमधल्या नावाचा एक भाग ६३ अक्षरांपर्यंत आणि पूर्ण नाव २५५ बाइटपर्यंत लांब असू शकते. अशी हजारो लांबलचक, अर्थहीन नावे विचारत राहिले की ग्राहकांची यादी हळूहळू बाहेर निघून जाते. पत्ता बघणाऱ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. मजकूर वाचणाऱ्याला दिसू शकते, पण त्याने काय शोधायचे हे त्याला कोणी सांगितले असेल तरच.

सांगायचे कसे, ते थोडक्यात. सिस्कोच्या यंत्राचे उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे बरेच तरुण त्यावरच शिकतात. त्यांची एएसए मालिका २००५ मध्ये आली. तिच्यात तपासणीची रचना तीन पायऱ्यांत करतात. आधी ओळख ठरवायची: कोणते संदेश. मग कृती ठरवायची: त्यांचे काय करायचे. मग जागा ठरवायची: हे धोरण साऱ्या यंत्राला लागू की एखाद्याच बाजूला. यंत्र खोक्यातून बाहेर येते तेव्हा एक सर्वसाधारण धोरण त्यात भरलेलेच असते, आणि डीएनएस, एफटीपी, मेल, एसआयपी अशा डझनभर प्रोटोकॉलची तपासणी त्याखाली चालू असते. बसवणारा वीज जोडतो, पत्ते भरतो, इंटरनेट सुरू झाले की बिल देतो आणि जातो. ते धोरण पुढे वर्षानुवर्षे तसेच राहते.

खरी अडचण इथून सुरू होते. हे सर्वसाधारण धोरण फक्त नेहमीच्या पोर्टवर लक्ष ठेवते. संस्थेने एफटीपी २१ ऐवजी २१२१ वर चालवली, तर तपासणी तिला लागूच होत नाही, आणि तरीही पडद्यावर ‘तपासणी चालू’ असेच दिसते. धोरण एका बाजूला वेगळे लावले, तर त्या बाजूपुरते साऱ्या यंत्राचे धोरण मागे पडते. संदेश एकाच प्रकारच्या तपासणीसाठी दोन ओळखींत बसत असेल, तर आधी जुळलेली ओळख धरली जाते, दुसरीकडे यंत्र बघत नाही. ओळी बरोबर आणि क्रम चुकीचा असला तरी रचना चुकतेच.

दोन जुनी प्रकरणे सांगतो, ती जगभर सगळ्यांनी भोगली आहेत. डीएनएसच्या १९८७ च्या नियमानुसार साध्या उत्तराची मर्यादा ५१२ बाइट होती, आणि जुन्या फायरवॉल तीच काटेकोर पाळत. १९९९ मध्ये मोठ्या उत्तरांची सोय झाली, पुढे उत्तरांवर डिजिटल सह्या आल्या, उत्तरे लांबली. तपासणारे यंत्र मात्र ५१२ च्या पुढचे प्रत्येक उत्तर दोषी ठरवून टाकून देत राहिले. काही संकेतस्थळे उघडतात, काही उघडत नाहीत, कारण सापडत नाही. उपाय एका ओळीचा होता: मर्यादा वाढवा, किंवा समोरचा जेवढी सांगेल तेवढी स्वीकारा. मेलचे प्रकरण याहून गंभीर. मेल पाठवणारे दोन सर्व्हर बोलणे सुरू झाल्यावर एकमेकांना विचारतात, पुढचे गुप्त लिपीत बोलायचे का? गुप्त लिपी सुरू झाली की तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. म्हणून एएसएच्या जुन्या आवृत्त्या त्या प्रश्नाचा शब्दच खोडून त्या जागी एक्स अक्षरांची रांग टाकत. समोरच्याला वाटे, याला गुप्त बोलता येत नाही. मग पुढचा सगळा पत्रव्यवहार उघड्यावर होई. सुरक्षिततेसाठी बसवलेले यंत्र पत्रे उघडी पाडत होते, आणि पत्र लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

अशी तक्रार आली की आपल्याकडे ठरलेला उपाय आहे: तपासणीच बंद करा. ‘बंद केले की चालते’ हे वाक्य मी पतसंस्थेत ऐकले आहे, दवाखान्यात ऐकले आहे, महाविद्यालयातही ऐकले आहे. त्याची मला चीड येते. डीएनएसची मर्यादा वाढवायची होती, तिथे साऱ्या मजकुराची तपासणी काढून टाकतात, आणि त्याची नोंद कुठे नसते. वर्षभराने नवा माणूस येतो, तोवर हे कोणी केले आणि का केले हे सांगणारे कोणी उरलेले नसते. कोणती तपासणी, कोणत्या संदेशावर, कशामुळे अडली, हे यंत्राच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिलेले असते. तो लॉग वाचायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास देणारा माणूस संस्थेत नसतो, हे खरे दुखणे आहे.

नगर जिल्ह्यासाठी याहून जवळचे उदाहरण साखर कारखान्याचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा गव्हाणीपासून पॅनपर्यंत सगळे काम माणसाच्या नजरेवर आणि हातावर चाले. आज कारखान्यांमध्ये सहवीजनिर्मिती आहे, आसवनी आहे, उच्च दाबाचे बॉयलर आहेत, आणि त्यांच्या झडपा व मोटारी नियंत्रक यंत्रे चालवतात. या यंत्रांच्या बोलण्याची एक फार प्रचलित पद्धत म्हणजे मॉडबस. ती १९७९ मध्ये मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने आणली. तिच्यात ओळख विचारण्याची सोयच नाही. जो बोलेल त्याचे ऐकायचे. तेव्हा ती एका बंद खोलीतल्या तारेपुरती होती, म्हणून चालून गेले. आज ती ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या नेटवर्कवरून धावते, आणि तेच नेटवर्क कधी कधी कार्यालयाच्या संगणकाला जोडलेले असते, कारण कार्यकारी संचालकांना गाळपाचा आकडा टेबलावर बघायचा असतो.

तो आकडा त्यांना जरूर दिसावा. पण बघण्याचा संदेश आणि बदलण्याचा संदेश मॉडबसमध्ये एकाच पोर्टवरून जातात. फरक आत असतो, एका आकड्यात. ३ किंवा ४ असेल तर यंत्राला विचारले आहे, ‘दाब किती?’ ५, ६, १५ किंवा १६ असेल तर यंत्राला सांगितले आहे, ‘हे चालू कर, हा आकडा बदल.’ पोर्ट बघणाऱ्या फायरवॉलला दोन्ही सारखेच. मॉडबस समजणारी फायरवॉल नेमके एवढे करू शकते: कार्यालयाकडून येणारे ३ आणि ४ जाऊ दे, बाकीचे अडव, अडवलेल्याची नोंद ठेव. लिहिण्याचे संदेश फक्त नियंत्रण कक्षातल्या ठरलेल्या संगणकावरून येऊ दे. अॅप्लिकेशन तपासणीचा इतका स्वच्छ, इतका उपयोगी दाखला मला दुसरा माहीत नाही. आणि हा नियम कोण सांगू शकेल? बाहेरचा विक्रेता सांगू शकणार नाही. बॉयलर अटेंडंट, इन्स्ट्रुमेंटेशनचा फोरमन, चीफ इंजिनिअर हे सांगू शकतील, कारण कोणता आकडा कोणी बदलायचा असतो हे त्यांनाच ठाऊक आहे. हंगाम संपला की यंत्रे खोलून दुरुस्ती होते. त्याच महिन्यांत ही मंडळी आणि नेटवर्कचा माणूस एका टेबलाशी बसले पाहिजेत.

आता या साधनाची मर्यादा सांगतो. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ पासूनची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकलांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातही सुमारे अडीच कोटी निघाले, आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशव्यवस्थेमार्गे सुमारे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात गेले. मिळून ९४ कोटींवर. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती. एटीएम विचारते, ‘या कार्डावर पैसे देऊ का?’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जायला हवा होता. तो मध्येच अडवून ‘द्या’ असे उत्तर पाठवले गेले.

हे प्रश्नोत्तर आयएसओ ८५८३ नावाच्या ठराविक साच्यात होते. त्यातल्या ३९ व्या रकान्यात दोन शून्ये आली की मंजुरी. खोट्या मंजुरीतही तीच दोन शून्ये असतात. साचा अचूक, व्याकरण अचूक, पोर्ट योग्य. मग तपासणी काय पकडणार? संदेश नियमाप्रमाणे लिहिला आहे का, एवढे ती सांगते. तो खरा आहे का, हे ती सांगू शकत नाही. ते कळायला मंजुऱ्यांचा ताळा मुख्य खात्यांशी क्षणोक्षणी लावावा लागतो, आणि शनिवारी दुपारीही कोणीतरी जागे असावे लागते. महागडी फायरवॉल घेतली म्हणजे कॉसमॉससारखे घडणार नाही, असे कोणी तुम्हाला सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मात्र आत शिरलेले मालवेअर बाहेर बोलते कुठे, कोणत्या मार्गाने, ते नीट लावलेली तपासणी दाखवू शकते. तिचा उपयोग तिथे आहे.

त्या घटनेनंतर १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट काढली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर आखून दिले. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाने हल्ल्याची खबर सहा तासांत देणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. नियम चांगले आहेत. पण आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली आहेत. ठेवी ठेवणारा शेतकरी, पेन्शनर, भाजीवाली यांना हा फरक माहीत नसतो. नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला. त्याची कारणे कर्जवाटपातली होती, फायरवॉलशी त्याचा संबंध नाही. पण विश्वास उडाला की सामान्य ठेवीदाराचे काय होते, ते या शहराने पाहिले आहे.

आणि लहान संस्था स्वतंत्र तरी कुठे आहेत? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला त्या यंत्रणेपासून तोडले आणि देशभरातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे व्यवहार अडले. दार त्या बँकांचे नव्हते, ग्राहक मात्र त्यांचे होते.

सत्तेचा मुद्दा राहिला. आज बहुतेक बोलणे गुप्त लिपीत होते. कॉसमॉसवर हल्ला झाला त्याच महिन्यात टीएलएस या गुप्त बोलण्याच्या पद्धतीची १.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात बाहेरून बघणाऱ्याला आधीपेक्षाही कमी दिसते. मजकूर वाचायचाच असेल तर फायरवॉलला मधोमध उभे राहून स्वतःचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, संदेश उघडावा लागतो आणि पुन्हा बंद करून पुढे धाडावा लागतो. संस्थेला आपल्या संगणकांवर हे करता येते, काही ठिकाणी करणे गरजेचेही असते. पण त्यात कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्ड येतो, मुलीच्या आजाराचा अहवाल येतो, वकिलाला लिहिलेले पत्र येते. किल्ल्यातल्या कैद्यांची पत्रे वाचणारे सरकार परके होते. आपली संस्था आपली आहे, म्हणून तिने जास्त संकोच बाळगला पाहिजे. बँकिंग, आरोग्य आणि कायदा यांची संकेतस्थळे उघडण्यातून वगळा. काय उघडले जाते हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवा. उघडलेला मजकूर कोण बघू शकतो आणि किती दिवस ठेवतात, याचा ठराव करा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण ठराव करण्यासाठी कायद्याचा धाक लागू नये.

म्हणून माझी मागणी दोन जागी आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर इथे अभियांत्रिकीची महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आहेत. तिथल्या मुलांना फायरवॉलच्या आज्ञा पाठ करून घेण्याऐवजी एखाद्या पतसंस्थेचा, एखाद्या कारखान्याचा व्यवहार समजून घ्यायला पाठवा. तिथे कोणकोणती बोलणी चालतात त्याची यादी करायला लावा, आणि मग त्या यादीवरून धोरण लिहायला सांगा. संस्थांनी त्यातल्या एकाला पगार देऊन ठेवावे. तीन-चार लहान संस्थांनी मिळून एक माणूस ठेवला तरी चालेल. सहकाराला हे नवे नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे आहे. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. यंदा अहवाल हातात आला की लाभांशाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या फायरवॉलवर कोणती तपासणी चालू आहे आणि कोणती बंद केली आहे? ती कोणी, केव्हा, कशासाठी बंद केली? आणि लॉग शेवटचा कोणी वाचला?